चीनच्या शाळा आणि गळती: विषय घेताय तर हे आधी वाचा

एमएडला किंवा पीएचडीला चीनचं शालेय शिक्षण घ्यायचा विचार असेल तर पहिलं सांगतो, पटनोंदणीच्या आकड्यांत अडकू नका, नाव सगळ्यांचंच लागतं. पहिलीत आलेल्यांपैकी नववीपर्यंत किती टिकले ते बघा. २०२० ला हे प्रमाण ९५.२ टक्के होतं, ऐकायला भारी, पण ती अख्ख्या देशाची सरासरी, सिचुआनमधल्या ल्यांगशानसारख्या डोंगरी भागातली गळती त्यात दिसतच नाही.

नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९८६ चा, पण इतर खर्चाच्या नावाखाली शाळा घ्यायच्या ती किरकोळ फी सुटली २००६ पासून, आधी पश्चिमेकडची खेडी, २००७ ला बाकीची आणि २००८ ला शहरं. म्हणजे वीस वर्षं कायदा पण होता आणि पावतीपुस्तक पण!

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला शाळा विलीनीकरणात, आणि खरं मटेरियल तिथेच आहे. २००० ला ग्रामीण प्राथमिक शाळा ४ लाख ४० हजार होत्या, २०१० ला २ लाख १० हजारांच्या आसपास. पोरं कमी झाली, लोक शहरात गेले हे खरंच, पण २००१ पासून सरकारनेही कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत ओढल्या, मग शाळा लांब, सहा-सात वर्षांची पोरं वसतिगृहात, जेवणाखाणाचा खर्च घरच्यांवर. फी माफ झाली तरी शाळा महागच पडायची. शेवटी २०१२ ला वरूनच ब्रेक लागला. (२०२३ ला आपल्याकडे वीसच्या आत पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करायचं निघालं तेव्हा मला हेच आठवत होतं.) २०११ पासून दुपारच्या जेवणाला सरकारकडून पोरामागे रोज ३ युआन मिळायला लागले, आता ५ आहेत.

दुसरी बाजू धाकाची. २०१७ ला युनानमधल्या लानपिंगमध्ये पोरं शाळेत पाठवत नाहीत म्हणून सरकारने थेट पालकांवर दावा ठोकला आणि सुनावणी गावातच घेतली. अशा केसेस जरूर वाचा, गळती रोखायचं अधिकाऱ्यांवर किती प्रेशर असतं ते कळतं.

नववीनंतरचं मात्र वेगळं प्रकरण धरा. तिथे प्रवेश परीक्षा असते, बरीच पोरं व्यवसाय शिक्षणाकडे जातात, आणि स्थलांतरितांच्या पोरांना हुकोऊमुळे (मूळ गावाशी बांधलेली रहिवासी नोंद) बऱ्याचदा परीक्षेसाठी गावी परतावं लागतं.

भाषेचं म्हणाल तर एचएसके (चिनी भाषेची परीक्षा) चौथ्या पातळीवर सरकारी कागद झेपत नाहीत. पण शिक्षण मंत्रालयाचं वार्षिक आकडेवारीचं पत्रक दरवर्षी जवळपास त्याच वाक्यांत येतं, दोन-तीन वर्षांची शेजारी ठेवून वाचा, सुरुवात तिथून करा.