होमस्टे बंद आहे, हप्ते चालू आहेत: सरकारी मदत कुठे आणि कशी मागायची

आधीच सांगते, रोख अनुदान असं काही नाहीये. "होमस्टेवाल्यांच्या खात्यात पैसे जमा होणार" असले जे मेसेज फिरतायत त्यांच्या मागे लागू नका, आणि त्यातल्या लिंकवर आधार नंबर तर अजिबात टाकू नका. हे जुलै 2021 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत लिहितेय, खालच्या योजना, मर्यादा आणि मुदती त्याच वेळच्या आहेत. आपल्यासारख्या तीन-चार खोल्या चालवणाऱ्यांच्या उपयोगाचं जे आहे ते मुख्यतः दोन प्रकारचं, एक म्हणजे सरकारच्या हमीवर मिळणारं जादा कर्ज आणि दुसरं म्हणजे चालू कर्जाचे हप्ते पुढे ढकलून घेणं. दोन्हीत पैसे शेवटी आपल्यालाच फेडायचेत.

28 जूनला अर्थमंत्र्यांनी पर्यटनासाठी पॅकेज जाहीर केलं तेव्हा कोकणातले बरेच जण खूश झाले, पण नीट वाचा, त्यातलं दहा लाखांपर्यंतचं कर्ज आहे ते केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेल्या ट्रॅव्हल एजन्सी आणि टूर ऑपरेटर मंडळींना, आणि एक लाखाचं आहे ते परवानाधारक गाइडना. होमस्टेचं त्यात नाव नाही. त्यामुळे ब्रँचमध्ये जाऊन "ते दहा लाखवालं द्या" म्हणालात तर हात हलवत परत याल.

आता मुद्द्याचं. सरकारला नुकसान किती झालं ते दिसत नाही, कागद दिसतो. दोन सीझन कोरडे गेलेले दोन शेजारी असतील तर ज्याच्या कागदावर "व्यवसाय" लिहिलंय त्यालाच मिळणार आणि ज्याच्या कागदावर नुसतं "घर" आहे तो बाहेर राहणार, मग त्याच्याकडे पाहुणे दुप्पट का येत असेनात. म्हणून योजना शोधण्याआधी कागद सरळ करा.

पहिलं काम उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन लागतं, आधारला मोबाइल जोडलेला हवा कारण ओटीपी येतो, आणि फी शून्य. एजंट लोक यासाठी पैसे घेतात, देऊ नका, अगदीच जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पुतण्या-भाचीला बसवा. 2021 च्या नियमाप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक एक कोटीच्या आत आणि उलाढाल पाच कोटींच्या आत म्हणजे सूक्ष्म उद्योग, म्हणजे आपण सगळेच. व्यवसायाचा कोड निवडताना मात्र घाई करू नका. 55 नंबरचा विभाग निवासाच्या सोयीचा आहे, त्यातला अल्पमुदतीच्या निवासाचा कोड घ्या. 68 हा रिअल इस्टेटचा विभाग, तिथे गेलात की तुम्ही घरमालक ठरता, पर्यटन व्यावसायिक नाही.

दुसरं इन्कम टॅक्स रिटर्न. खूप जणांनी पाहुण्यांचे पैसे "घरभाडं" म्हणून दाखवलेत, किंवा रिटर्नच भरलेलं नाही. तुम्ही चहा-नाश्ता देता, चादरी बदलता, जेवण करून घालता, तर हे घरभाडं नाही, हा धंदा आहे, आणि तसाच तो दाखवायला हवा. यंदाच्या रिटर्नची मुदत 30 सप्टेंबर 2021 पर्यंत वाढलीय, सीएशी बोलून अंदाजित उत्पन्नाच्या 44 एडी कलमाखाली भरता येतं का ते बघा, त्यात मोठी हिशोबाची वही लागत नाही. जुनी वर्षं मात्र उगाच उकरून खोटे आकडे घालू नका, बँक रिटर्न आणि खात्याचं स्टेटमेंट शेजारी ठेवून बघते. जीएसटी नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, तसं अर्जातच लिहा.

सोबत ठेवायचे कागद म्हणजे ग्रामपंचायतीची नोंद किंवा ना-हरकत, घरपट्टीची पावती, पर्यटन विभागाची निवास-न्याहारी नोंदणी असेल तर ती (असेल तर फाइलला खरंच वजन येतं), बुकिंग अ‍ॅपवरून डाउनलोड केलेलं वर्षवार कमाईचं स्टेटमेंट, आणि 2019 चं पाहुण्यांचं रजिस्टर. रोखीने आलेली गिऱ्हाइकं फक्त रजिस्टरमध्येच दिसतात, तेव्हा ते रद्दीत घातलं नसेल अशी आशा करते.

आता कर्ज कुठलं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

खोल्या बांधायला बँकेकडून व्यवसायाचं टर्म लोन किंवा सीसी (कॅश क्रेडिट) घेतलं असेल तर ईसीएलजीएस, म्हणजे सरकारी हमीची आपत्कालीन कर्ज योजना, तिचा 3.0 हा भाग मागा, तो हॉटेल-पर्यटनवाल्यांसाठीच मार्चमध्ये आलाय. 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 40 टक्क्यांपर्यंत नवीन कर्ज मिळतं, त्या तारखेला थकबाकी 60 दिवसांपेक्षा जुनी नको. नवीन तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही, बँकेचं व्याज जास्तीत जास्त 9.25 टक्के. गेल्या वर्षी याच योजनेत 20 टक्के उचलले असतील तर ते या 40 मध्येच धरतात, वेगळे 40 नाही मिळत. मुदत सहा वर्षं, त्यात पहिली दोन वर्षं मुद्दल भरायचं नाही पण व्याज भरायचं, इथे लोक फसतात, "दोन वर्षं काहीच नाही" असं समजून बसतात. समजा बाकी आठ लाख होती, तर मिळतील 3 लाख 20 हजार, दोन वर्षं महिना साधारण 2,470 रुपये व्याज आणि नंतरची चार वर्षं महिना साधारण 8,000 चा हप्ता, तोही जुन्या हप्त्याच्या वर. हा हिशोब कागदावर करूनच सही करा. तिसरा सीझन पण गेला तर 8,000 कुठून आणणार हे उत्तर नसेल तर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

कर्ज होम लोन असेल, म्हणजे घर म्हणून घेतलं आणि वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या, तर वरची योजना विसरा. तुमच्यासाठी रिझर्व्ह बँकेची 5 मे 2021 ची कर्ज पुनर्रचना योजना आहे, दुसरी फेरी. ती व्यक्तींच्या कर्जालाही लागू आहे आणि छोट्या धंद्यांनाही. अट अशी की 31 मार्च 2021 ला खातं एनपीए (थकीत म्हणून बुडीत धरलेलं) नको आणि पहिल्या फेरीत पुनर्रचना घेतलेली नको (घेतली असेल आणि सवलत दोन वर्षांपेक्षा कमी मिळाली असेल तर उरलेली वाढवून मागता येते). हप्त्यांना जास्तीत जास्त दोन वर्षांची सूट किंवा मुदतवाढ, व्याज चढतच राहतं आणि सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, पुनर्रचनेची नोंद होते, हे समजून घ्या. 30 सप्टेंबर 2021 च्या आत हे सुरू व्हायला हवं, तेव्हा गणपती होऊन जाऊदेत म्हणत बसू नका.

अर्ज लेखीच द्या, तोंडी विचारलं की "वरून सर्क्युलर आलं नाही" हे ठरलेलं उत्तर मिळतं. लांबलचक कहाणी नको, एवढं पुरे:

"मा. शाखाधिकारी, माझे कर्ज खाते क्र. ___ आहे. मी ___ येथे होमस्टे चालवते/चालवतो, उद्यम क्र. ___. 2019-20 मध्ये उत्पन्न रु. ___ होते, 2020-21 मध्ये टाळेबंदीमुळे रु. ___ झाले. रिझर्व्ह बँकेच्या 5 मे 2021 च्या परिपत्रकानुसार हप्त्यांना ___ महिने स्थगिती मिळावी. निर्णय लेखी कळवावा."

दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन घरी आणा. ती तारीख महत्त्वाची, कारण अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत बँकेने लेखी कळवायचं असा नियम आहे. नाही कळवलं तर आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा, महिनाभर थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार, तीही फुकट.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाईट वाटतं पण यातलं काहीच बंधनकारक नाही, संचालकांना भेटून बोलणं एवढाच मार्ग. आणि कर्जच नाही, सगळं स्वतःच्या पैशातून उभं केलं असेल तर ईसीएलजीएस मिळत नाही, कारण 40 टक्के कशाचे काढणार? त्यांनी मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना बघावी, शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, विनातारण. पंप दुरुस्ती, रंग, गाद्या एवढ्यासाठी शिशु पुरतं.

निसर्ग किंवा तौक्ते चक्रीवादळात छप्पर उडालं असेल तर ते प्रकरण पूर्ण वेगळं, तलाठ्याचा पंचनामा आणि तहसील कार्यालय, ते बँकेच्या अर्जात कालवू नका. नुकसानीचे फोटो दोन्ही फाइलींना लावले तर चालतात, पण बँकेच्या अर्जात कारण एकच लिहा, टाळेबंदीने बंद झालेलं उत्पन्न.