पेरणीआधी टक्क्यांचा हिशोब जमवून घ्या (सोयाबीन आणि संत्रावाल्यांसाठी)

नागपूर जिल्ह्यातल्या कास्तकार भावांनो अन् तायांनो, ७५ ते १०० मिमी पाऊस पडल्याशिवाय सोयाबीन टाकू नका हे सगळेच सांगून राहिले, मी पण तेच म्हणतो, पण हाती जे चार-आठ दिवस आहेत त्यात टक्क्यांचा हिशोब करून घ्या, कारण बियाणं, खत, फवारणी तिन्हीत पैसा इथंच जातो.

घरचं बियाणं असेल तर उगवण आजच पाहायला टाका. पोत्यातलं वरचं, मधलं, खालचं बियाणं मिसळायचं, न निवडता १०० दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. अशा तीन गुंडाळ्या करा, एकीवर विसंबू नका. सातव्या दिवशी उघडून चांगला, धडधाकट कोंब आलेलाच दाणा मोजायचा, नुसता फुगलेला किंवा बुरशी आलेला धरायचा नाही. आमच्या ओसरीत यंदा ६६, ६१ आणि ६५ आले. बेरीज १९२, भागिले ३, म्हणजे ६४ टक्के.

आता खरी गफलत इथं होते. एकरी ३० किलोची शिफारस ७० टक्के उगवण धरून आहे. बरेच जण म्हणतात ७० चे ६४ झाले, ६ टक्के कमी, मग ६ टक्के बियाणं वाढवू, म्हणजे ३१.८ किलो. पण ते ६ तर ७० पैकी कमी झाले ना भाऊ, १०० पैकी नाही! बरोबर हिशोब असा, ३० गुणिले ७० म्हणजे २१००, त्याला तुमच्या आकड्यानं भागा. २१०० भागिले ६४, जवळपास ३२.८ किलो. एकरी एक किलोचा फरक, पाच एकराला पाच किलो, अन् मग वावर विरळ दिसलं की दोष पावसाला. २१०० हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. उगवण ६० च्याही खाली गेली तर मात्र ते बियाणं पेरूच नका, दुसरं पहा. आणि पोते आपटू नका, सोयाबीनचं टरफल फार नाजूक असते.

खताचं पण तसंच. विदर्भात सोयाबीनला हेक्टरी ३०:७५:३० ची शिफारस, म्हणजे एकरी १२ किलो नत्र, ३० स्फुरद, १२ पालाश. हे पोत्याचं वजन नाही, आतल्या अन्नद्रव्याचं आहे. डीएपी खतात नत्र १८ टक्के, स्फुरद ४६ टक्के. ३० ला ४६ नं भागा, १०० नं गुणा, ६५ किलो डीएपी लागते, आणि त्यातूनच नत्र ११.७ किलो मिळून जाते. मग वरून पेरणीला युरिया कशाला टाकता, तो खर्च वाया! सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर स्फुरद १६ टक्केच, म्हणून १८७ किलो लागेल, पावणेचार पोते, सोबत २६ किलो युरिया. वाहतूक वाढते खरी पण त्यात गंधक येते, डीएपीत ते नाही, म्हणून जमत असेल तर मी सुपर फॉस्फेटच घ्या म्हणीन. पालाशसाठी ६० टक्क्यांचं म्युरेट ऑफ पोटॅश खत २० किलो.

फवारणीत १ टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो, १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. ५ टक्के निंबोळी अर्काला पंपामागं ७५० ग्रॅम निंबोळी, आत्ता झाडाखाली पडून राहिल्या आहेत त्या वेचून वाळवून ठेवा. औषधाच्या डब्यावर २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट औषध) लिहिलेलं असते ते आतल्या मुख्य घटकाचं प्रमाण आहे, पंपात किती टाकायचं ते नाही, मात्रा लेबलवर वेगळी लिहिलेली असते तीच पाळा.

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्रावाल्यांनो, डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळायचा रोग) खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट जोराचा पाऊस लागायच्या आत लावा. इथं गल्लत नको, फवारायचं बोर्डो १ टक्का, १ किलो मोरचूद अन् १ किलो कळीचा चुना १०० लिटर पाण्यात, पण खोडाची पेस्ट १० टक्के, तेवढंच सामान फक्त १० लिटर पाण्यात. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा, लोखंडाच्या भांड्यात नाही. मिश्रण झालं की चकचकीत विळा त्यात थोडा वेळ बुडवून पहा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी अजून घाला, थर चढायचा थांबला की मगच ब्रश हातात घ्या.