आमचा पावसाळा, अल्बर्टाचा उन्हाळा: गोव्यातून निघणाऱ्यांसाठी प्रवासाची आखणी

गोव्यातील कुटुंबाचा लांबचा प्रवास बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत ठरतो, आणि कॅनडातील अल्बर्टा प्रांतासाठी नेमका हाच महिना गैरसोयीचा आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. ज्या निळ्याशार पाण्यासाठी एवढा खर्च केला, ते लेक लुईझचे पाणी राखाडी बर्फाखाली झाकलेले होते. काठाला लागून हातभर रुंदीची पट्टी तेवढी वितळली होती आणि तिच्यात बर्फाच्या काड्या एकमेकींवर घासून काचेच्या बांगड्यांसारख्या किणकिणत होत्या. मुलगी बराच वेळ तो आवाज ऐकत बसली. जवळच्या मोरेन लेकचा रस्ता मात्र अजून उघडलाच नव्हता. म्हणून या आखणीत सर्वांत आधी महिना ठरवावा. व्हिसा, विमान आणि खोल्या हे सारे त्यानंतर.

या सरोवरांचा रंग कुठून येतो हे समजले की महिन्याचे महत्त्वही लक्षात येते. हिमनदी सरकताना तळाचा खडक दळते, त्याचे पिठासारखे बारीक कण वितळलेल्या पाण्याबरोबर सरोवरात येऊन तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशातील निळा-हिरवा भाग आपल्या डोळ्यांकडे परत पाठवतात. बर्फ जोमाने वितळू लागल्याशिवाय हे पीठ पाण्यात उतरत नाही. त्यामुळे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ उत्तम. हा आपला पावसाळा. किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात, पाहुणे कमी असतात, आणि ज्यांचे घर पर्यटनावर चालते त्यांना वर्षात याच दिवसांत थोडी उसंत मिळते. गोवेकराला हा योग सहज जुळून आलेला आहे.

त्यातही निवड करता येते. जुलैत दिवस मोठा असतो, अल्बर्टातील कॅल्गरी शहरात महिन्याच्या सुरुवातीला रात्री पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पूर्वेकडच्या सपाट मुलखात कॅनोलाची शेते मोहरीसारखी पिवळी होतात. त्याच महिन्यात कॅल्गरीत ‘स्टॅम्पीड’ हा दहा दिवसांचा उत्सव भरतो. 1912 साली सुरू झालेला हा गुराख्यांच्या कसबांचा मेळा पाहायचा असेल तर शहरातील खोल्या महाग पडतात हे गृहीत धरावे, आणि पाहायचा नसेल तर ते दिवस टाळावेत. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर पसरून डोंगर दिसेनासे होण्याचा धोकाही असतो. माझे स्वतःचे मत सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्याच्या बाजूने आहे. लार्च हे सूचिपर्णी झाड असूनही हिवाळ्यापूर्वी सुया गाळते, आणि गाळण्याआधी मोरेन लेकच्या भोवतालचे उतार सोन्यासारखे पिवळे करून सोडते. चवथीला घर सोडून कोणी जाणार नाही. बहुतेक वर्षी गणपती पोचवून निघाले तरी हे दिवस साधतात.

दुसरी गोष्ट अंतरांची. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, तर अल्बर्टाचे सुमारे 6,61,848; म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे पट. पत्रादेवीहून पोळ्यापर्यंत अर्ध्या दिवसात पोचण्याची सवय असलेल्या माणसाला नकाशावरचे बोटभर अंतर फसवते. कॅल्गरीहून राजधानी एडमंटन सुमारे 300 किलोमीटर, डोंगरातले बॅन्फ गाव साधारण 125 ते 130 किलोमीटर, तर बॅन्फमार्गे जॅस्पर गाव 400 किलोमीटरच्या पुढे. पश्चिमेला रॉकी पर्वत आणि पूर्वेला अफाट गवताळ सपाटी, अशी या प्रांताची मांडणी आहे, आणि बहुतेक प्रवासी केवळ डोंगर पाहून परततात. मला हे पटत नाही.

अकरा-बारा दिवस हाताशी असतील तर सुरुवात सपाटीपासून करावी. जुलैत अल्बर्टाचे घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे असते, दिवसाची रात्र होते, आणि अशा अवस्थेत डोंगरी रस्त्यावर गाडी चालवणे बरे नव्हे. कॅल्गरीत दोन रात्री विश्रांती घेऊन ईशान्येला सुमारे दीड तासावर असलेल्या ड्रमहेलरला जावे. गवताच्या सपाटीतून जाताना जमीन एकाएकी खाली उतरते आणि पट्टेदार मातीच्या दऱ्या समोर येतात. तिथल्या रॉयल टिरेल संग्रहालयात डायनासोरचे सांगाडे पाहण्यासाठी पूर्ण दिवस राखावा. आवड असल्यास ब्रुक्स गावाजवळचे डायनासोर प्रांतीय उद्यान आणि फोर्ट मॅक्लाउडजवळचा ‘हेड-स्मॅश्ड-इन’ हा कडा पाहावा. या कड्यावरून रानगव्यांसारख्या बायसनांचे कळप खाली लोटून शिकार करण्याची ब्लॅकफूट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची परंपरा हजारो वर्षे चालली. ही दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यानंतर बॅन्फ परिसरात चार रात्री, जॅस्परला दोन-तीन, आणि तिथून एडमंटनमार्गे परतीचे विमान, म्हणजे त्याच रस्त्याने मागे यावे लागत नाही.

व्हिसासाठी भारतीय पारपत्रधारकाने निदान चार महिने आधी ऑनलाइन अर्ज करावा. शुल्क 100 कॅनेडियन डॉलर, आणि बोटांचे ठसे व छायाचित्र यांसाठी आणखी 85. ते देण्यासाठी मुंबई, पुणे किंवा बेंगळूरच्या केंद्रात जावे लागते, तेव्हा कुटुंबाचे सर्वांचे काम एकाच फेरीत उरकावे. अर्जात बँकेचे व्यवहार, आयकर विवरणपत्रे, रजेचे पत्र आणि दिवसवार कार्यक्रम यांचा परस्परांशी मेळ बसला पाहिजे. व्हिसा हाती येण्यापूर्वी पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये. आपल्याकडे अनेक घरांत एकाचे पारपत्र भारतीय आणि दुसऱ्याचे पोर्तुगीज असते. पोर्तुगीज पारपत्रधारकाला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना सात डॉलरची इलेक्ट्रॉनिक परवानगी आधी घ्यावीच लागते, आणि ‘आपल्याला काहीच लागत नाही’ या समजुतीने ती राहून जाते. दाबोळी किंवा मोपाहून मुंबई अथवा दिल्ली, तिथून युरोपातील एखाद्या विमानतळावर विमान बदलून कॅल्गरी, असा साधारण मार्ग आहे; मधल्या देशाचे ट्रान्झिटचे नियम तिकिटाआधी तपासावेत.

खोल्यांच्या बाबतीत ढिलाई परवडत नाही. बॅन्फ हे 1885 साली स्थापन झालेल्या कॅनडाच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आत वसलेले छोटे गाव आहे आणि तिथे मनमानी बांधकाम होत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातील खोल्या सहा-सहा महिने आधी संपतात. उद्यानाच्या हद्दीबाहेरचे कॅनमोर तुलनेने स्वस्त पडते. जुलै 2024 च्या वणव्यात जॅस्पर गावातील सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या, म्हणून तिथली खोली तर सर्वांत आधी पक्की करावी. मोरेन लेकला 2023 पासून खासगी गाडी नेता येत नाही. राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या ‘पार्क्स कॅनडा’ या सरकारी संस्थेच्या शटल बसच्या काही जागा एप्रिलमध्ये आणि उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी, तिथल्या सकाळी आठ वाजता खुल्या होतात. एप्रिलच्या त्या दिवशी गोव्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. खाते आधीच उघडून, कार्ड हाताशी ठेवून बसावे, कारण जागा फार वेळ टिकत नाहीत.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्या परवान्याबरोबर वाहतूक खात्याकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढावा. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात. चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेल्या चौकात प्रत्येकाने पूर्ण थांबावे लागते आणि जो आधी आला तो आधी जातो, रस्ता मोकळा असला तरी थांबायचेच. लेक लुईझहून जॅस्परपर्यंतचा आइसफील्ड्स पार्कवे हा सुमारे 230 किलोमीटरचा रस्ता या साऱ्या प्रवासाचा गाभा आहे. न थांबता तीन तासांत संपतो, पण त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस द्यावा. पेटो लेकचा कडा, कोलंबिया हिमक्षेत्रातून खाली उतरणारी अथाबास्का हिमनदी आणि तिच्या वाटेवरच्या वर्षांच्या पाट्या पाहाव्यात. एकेकाळी बर्फ कुठवर होते हे त्या पाट्या दाखवतात, आणि एका पाटीपासून दुसरीपर्यंत चालत जाताना छातीत कालवते. या रस्त्यावर मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही आणि मध्ये सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगलाच पेट्रोल मिळते, तेही हंगामात. टाकी पूर्ण भरून, नकाशा फोनमध्ये उतरवून घेऊन आणि उद्यानाचा पास गाडीत लावूनच निघावे.

जूनमध्ये याच वाटेवर आम्ही काळे अस्वल पाहिले. ते रस्त्याकडेला बसून पिवळ्या रानफुलांचे तुरे एकामागून एक ओरबाडून खात होते, मान वर न करता. पुढची माणसे फोटोसाठी गाडीतून उतरली, आणि तेच करू नये. अस्वल आणि लांडग्यापासून 100 मीटर, एल्क (सांबरासारखे मोठे हरीण) आणि इतर हरणांपासून 30 मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. सप्टेंबरमधील माजावर आलेला एल्क अस्वलाइतकाच धोकादायक असतो. पायवाटेवर चौघे मिळून, बोलत चालावे.

सामानात जुलैतही गरम कपडे हवेत, कारण उंचावर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकते आणि रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो. प्रवासी विमा अवश्य घ्यावा, तिथले रुग्णालयाचे बिल पाहुण्याला स्वतःच भरावे लागते. वस्तूंवर फक्त पाच टक्के जीएसटी आहे, प्रांताचा वेगळा विक्रीकर नाही. लोणचे, आमसुले किंवा सुकी मासळी सोबत असेल तर विमानतळावर विचारण्याआधीच सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावेत. न सांगता सापडले तर दंड होतो. अस्वलाला पळवण्याचा मिरचीचा फवारा मात्र तिथेच विकत घ्यावा आणि पिशवीत न ठेवता कमरेला अडकवावा. तो विमानात नेता येत नाही, म्हणून परतताना न वापरलेला डबा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून पुढच्या प्रवाशासाठी ठेवून यावा.