माणूस ऑर्थर रोडला आहे की तळोज्याला?

कुणाला अटक झाली की घरचे थेट मुंबईच्या ऑर्थर रोड जेलच्या गेटवर धावतात. घाई करू नका. अटकेची खबर नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. तोवर तो पोलिसांच्याच ताब्यात असतो, जेलमध्ये नव्हे.

म्हणून आधी एफआयआर नंबर मिळवा. कोर्टांच्या 'ई-कोर्ट्स' वेबसाइटवर पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून शोधा. नावाने शोधायचं तर स्पेलिंग बदलून बघा. एकच शेख तिथे तीन तऱ्हेने लिहिलेला असतो. केस सापडली की 16 अक्षरी सीएनआर नंबर (त्या केसचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, पुढच्या तारखा त्यावरच कळतात.

खरी गोम रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने दिलेल्या कोठडीच्या आदेशात. 'पीसीआर' म्हणजे पोलीस कोठडी. 'एमसीआर', म्हणजे न्यायालयीन कोठडी, लिहिलं असेल तर रवानगी जेलमध्ये. पण कुठल्या, हे वकिलाकडून किंवा कोर्टातल्या क्लार्ककडून विचारूनच घ्या. ऑर्थर रोड नेहमीच खचाखच, त्यामुळे मुंबईची केस असूनही माणूस नवी मुंबईतल्या तळोजा जेलला निघू शकतो. बायकांसाठी भायखळा जेल. जेल कळलं की मुलाखतीची, म्हणजे कैद्याला भेटण्याची, नोंद तुरुंगांच्या 'ई-प्रिझन्स' वेबसाइटवर होते.

वकील परवडत नसेल तर 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन करा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.