व्यवसाय शिक्षणाची निवड नववीपासून: खान्देशातील पालक आणि विद्यार्थ्यांसाठी

दहावीला गुण कमी पडले तर आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था), ही समजूत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अजून घट्ट आहे. तिच्यामुळे निकालानंतरच्या घाईत, मिळेल त्या ट्रेडला (तिथल्या व्यवसाय अभ्यासक्रमाला), मुलाची आवड न विचारता प्रवेश घेतला जातो आणि दोन वर्षे वाया गेल्यासारखी वाटतात. हा विचार नववीतच सुरू करावा.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. काही माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय शिकवला जातो. आपल्या शाळेत तो आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. अकरावी-बारावीत द्विलक्षी अभ्यासक्रम, म्हणजे नेहमीच्या विषयांबरोबर एक व्यवसाय विषय, असतो. त्याला 200 गुण असतात आणि त्यासाठी दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो. येथे फार जपून ठरवावे, कारण अभियांत्रिकीचा विचार असेल तर गणित आणि वैद्यकीय शाखेचा विचार असेल तर जीवशास्त्र सोडून चालत नाही. तिसरा मार्ग दहावीनंतरच्या आयटीआयचा. तेथे वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), जोडारी (फिटर), तारतंत्री (वायरमन) यांसारखे ट्रेड दोन वर्षांचे आणि संधाता (वेल्डर) किंवा डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे असतात.

ट्रेड निवडताना आधी आपल्या भागातील काम पाहावे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकचे संच, फिल्टर आणि पंप सांभाळणारे हात बारा महिने लागतात. जळगावात डाळ मिल, पाइप आणि चटई यांचे कारखाने आहेत, भुसावळला रेल्वे आहे, शेजारी दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि साक्री तालुक्यात सौर प्रकल्प उभा आहे. या सर्व ठिकाणी वीज आणि यंत्र जाणणारा माणूस लागतोच.

या शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ मला नोकरीपेक्षाही वेगळा दिसतो: वर्गातले विज्ञान हाताला कळू लागते. विहिरीवरच्या थ्री फेज मोटरचेच पाहा. चालू मोटरचा एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट वाहू लागतो, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापते, वार्निशचा जळका वास येतो आणि भर उन्हाळ्यात केळीचे पाणी बंद पडते. गावोगाव कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढली जाते, तिचा शेवटही बहुधा रिवाइंडिंगच्या दुकानातच होतो. ज्या मुलाने कार्यशाळेत स्टार्टर उघडून पाहिला आहे, जास्त करंट वाहिल्यास मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले मोटरच्या करंटनुसार लावला आहे आणि एक फेज गेल्यास मोटर थांबवणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर स्वतः जोडला आहे, त्याला विद्युतधारेचा धडा पाठ करावा लागत नाही. पुस्तकाशी न जमणारी कितीतरी हुशार मुले अशा कामातूनच पुन्हा अभ्यासाकडे वळतात, म्हणून याला दुय्यम मानणे मला अन्यायाचे वाटते.

प्रवेशापूर्वी संस्थेत स्वतः जाऊन यावे, आणि तेही कार्यशाळेच्या वेळेत. यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवलेली, एका यंत्रावर किती मुले उभी आहेत, त्या ट्रेडला कायम निदेशक (शिकवणारा शिक्षक) आहे का, मागच्या तुकडीतील मुले कोठे शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) म्हणून लागली, एवढे पाहिले आणि विचारले तरी चित्र स्पष्ट होते. इमारत जुनी असली तरी चालेल. निदेशक नसलेला ट्रेड मात्र टाळावा.

पुढच्या शिक्षणाची दारे उघडी ठेवावीत. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे गणिताचा सराव तुटू देऊ नये. शिकाऊ उमेदवारी 1961 च्या कायद्याखाली चालते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. मध्य रेल्वेच्या भुसावळ येथील शिकाऊ उमेदवारीसाठी आयटीआयच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राबरोबर दहावीला किमान 50 टक्के गुणही लागतात, तेव्हा "आयटीआयच करायचे आहे, दहावीला कसेही चालेल" हे मुलाच्या मनात येऊ देऊ नये.

मुलींना शिवणकाम किंवा ब्यूटी पार्लर एवढेच सुचवू नये. इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, वीजतंत्री हे ट्रेड त्यांनाही खुले आहेत. अडचण बहुतेक वेळा एस.टी.च्या वेळेची असते, म्हणून संस्था सुटण्याची वेळ आणि गावाकडची शेवटची गाडी यांचा मेळ आधीच पाहावा.

आयटीआयचा अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. विकल्प भरताना पहिल्या क्रमांकावर खरोखर हवा तोच ट्रेड आणि तीच संस्था लिहावी, कारण पहिल्या विकल्पाची जागा मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढील फेऱ्यांतून नाव वगळले जाते. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र लागत असेल तर निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच सेतू केंद्रात अर्ज करावा.