स्प्रिंग बदलल्यावर बुशचे बोल्ट कधी आवळावेत?
माझदा एमएक्स-५ च्या 1989 सालच्या पहिल्या पिढीसारख्या, चारही चाकांना डबल विशबोन (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे वर-खाली दोन हात) असलेल्या गाडीत उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग बसवताना सर्वाधिक चुका स्प्रिंगमध्ये नव्हे, तर बोल्ट आवळण्याच्या वेळेत होतात. विशबोनच्या सांध्यांतील रबरी बुश फिरत नाहीत, पिळले जातात. म्हणून गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच ते बोल्ट पक्के केले, तर गाडी खाली उतरताच बुश कायमचे पिळलेले राहतात, उंची फसवी दिसते आणि रबर लवकर फाटते. बोल्ट हलकेच लावून गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढेमागे ढकलावी आणि मगच ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) ते आवळावेत. जुनी स्प्रिंग काढताना मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे साधन) लावल्याशिवाय शॉकचा वरचा नट सोडू नये. येथे घाई जिवावर बेतू शकते.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, त्याच दिवशी करण्याऐवजी काहीशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसल्यावर करणे मला अधिक योग्य वाटते, मात्र टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) फारच बिघडलेला दिसल्यास तात्पुरता सरळ करून घ्यावा. उंची घटल्याने कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) अधिक ऋण होतो, म्हणजे चाकाचा माथा आत झुकतो, हे खरे; तरी टायर झपाट्याने खातो तो बहुधा चुकलेला टो. खालच्या विशबोनवरील कॅम बोल्टने (फिरवून कोन बदलता येणाऱ्या बोल्टने) आधी कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) व कॅम्बर बसवावा, कारण त्यांच्यामुळे टो सरकतो, आणि स्टीअरिंग मधोमध बांधून टो शेवटी लावावा. चालकाच्या जागी त्याच्याएवढे वजन ठेवल्यास मापे प्रत्यक्षाच्या अधिक जवळ येतात.