विश्व होलोग्राम आहे, हा दावा कसा तपासावा

‘विश्व हा एक होलोग्राम आहे’ असे वाक्य वाचनात आले की त्याला चिकटलेला ‘सारे जग आभास आहे’ हा अर्थ प्रथम बाजूला सारावा. होलोग्राम म्हणजे त्रिमितीय दृश्याची सारी माहिती सपाट पृष्ठभागावर नोंदवलेले चित्र, म्हणून मूळ प्रश्न मोजमापाचा आहे: अवकाशाच्या एखाद्या भागात जास्तीत जास्त किती माहिती मावू शकते?

हे मोजमाप कागदावर स्वतः करून पाहावे, कारण त्यावाचून पुढचे काहीच नीट पटत नाही. १ मीटर त्रिज्येचा गोल घ्यावा आणि ज्यांची प्रत्येक बाजू प्लांक लांबीएवढी (भौतिकशास्त्रात अर्थपूर्ण मानली जाणारी सर्वांत लहान लांबी, सुमारे १.६ × १०⁻³⁵ मीटर) आहे असे घन त्यात किती बसतात ते काढावे. संख्या सुमारे १० चा १०५वा घात येते. प्रत्येक घनात एक नोंद धरली, तर क्षमताही तेवढीच असायला हवी. परंतु जेकब बेकेन्स्टाईन आणि स्टीफन हॉकिंग यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनानुसार कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यात मावणाऱ्या माहितीचे माप, त्याच्या क्षितिजाच्या (जिथून प्रकाशही परत येऊ शकत नाही त्या सीमेच्या) क्षेत्रफळावर अवलंबून असते. त्या क्षेत्रफळाला प्लांक लांबीच्या वर्गाच्या चौपटीने भागल्यास याच आकारासाठी उत्तर केवळ १० च्या ७०व्या घाताच्या आसपास येते, आणि त्याहून अधिक माहिती भरू पाहिल्यास इतकी ऊर्जा एकवटते की गोलाचेच कृष्णविवर होते. त्रिज्या दुप्पट केली की आकारमान आठपट वाढते, पण क्षमता चौपटच वाढते. या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट मला हीच वाटते. गेरार्ड ट हॉफ्ट यांनी १९९३ मध्ये आणि लेनर्ड ससकिंड यांनी त्यानंतर मांडलेले होलोग्राफिक तत्त्व, म्हणजे एखाद्या भागातील सारी माहिती त्याच्या सीमेच्या पृष्ठभागावर नोंदवता येते ही कल्पना, याच विसंगतीतून निघाले.

यानंतर दावा कोणत्या विश्वाविषयी आहे ते पाहावे. हुआन माल्दासेना यांनी १९९७ मध्ये सुचवलेली, आतले गुरुत्वाकर्षण आणि सीमेवरील सिद्धांत यांच्यातील नेमकी गणिती जुळणी ऋण वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचे माप) असलेल्या अवकाशासाठी आहे, तर १९९८ मधील सुपरनोव्हांच्या (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांवरून आपले विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावत असल्याचे, म्हणजे येथील स्थिरांक धन असल्याचे दिसते. म्हणून ती जुळणी निरुपयोगी ठरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शिराझ मिनवाला आणि सहकाऱ्यांनी तिच्याच आधारे गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांतून द्रवगतिकीची (द्रवांच्या प्रवाहाची) समीकरणे मिळवून दाखवली.

‘प्रयोगाने सिद्ध झाले’ असे लिहिलेले दिसल्यास विशेष सावध राहावे. अमेरिकेतील फर्मिलॅब या प्रयोगशाळेतील होलोमीटर हे उपकरण अवकाशाचा जो सूक्ष्म कंप शोधत होते तो त्याला आढळला नाही, मात्र त्याने एक विशिष्ट प्रारूप बाद झाले, संपूर्ण तत्त्व नव्हे.

‘बाहेर’ काय आहे, हे विचारताना सीमा कोणती ते आधी ठरवावे. माल्दासेना यांच्या जुळणीत सीमेवरील सिद्धांत आणि आतले गुरुत्वाकर्षण ही एकाच वस्तूची दोन पूर्ण वर्णने आहेत, त्यामुळे सीमेपलीकडे बसून चित्र पाडणारे कोणी मानावे लागत नाही. आपल्या निरीक्षणक्षम विश्वाची सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवरची कड तर केवळ आजवर पोहोचलेल्या प्रकाशाची मर्यादा आहे, आणि दूरच्या दीर्घिकेतील निरीक्षकासाठी ती वेगळ्याच ठिकाणी असेल. आपल्यासारख्या प्रसरणशील विश्वात माहिती नोंदवणारा पृष्ठभाग नेमका कोठे मानावा, यावर अजून एकमत झालेले नाही.